विकण्यासाठी घेतलेली पोथी

डेव्हिड सॉलोमन ससून यांनी १९२९ साली एक जुने हिब्रू बायबल साडेतीनशे पौंडांना विकत घेतले. हे गृहस्थ १८८० साली मुंबईत जन्मलेले, भायखळ्याचे मागेन डेव्हिड सिनेगॉग बांधणाऱ्या डेव्हिड ससून यांचे नातू. पुढे ते इंग्लंडात राहिले आणि हिब्रू हस्तलिखिते जमवण्यातच रमले. हे बायबल सुमारे अकराशे वर्षांपूर्वी लिहिलेले, जवळजवळ संपूर्ण, चामड्याच्या पानांचे. ससून यांनी ते वाचायला, अभ्यासायला आणि जपायला घेतले होते.

त्यांच्या मागे ते १९७८ साली लिलावात आले. तेव्हा घेणारा कोण, तर ब्रिटिश रेल्वेचा पेन्शन फंड! महागाईने पैशाची किंमत उतरत होती, म्हणून या फंडाने १९७४ पासून चित्रे, मूर्ती, जुने ग्रंथ यांत पैसे गुंतवायला सुरुवात केली होती. इंजिन ड्रायव्हर आणि गार्ड यांच्या म्हातारपणाची सोय म्हणून ही हिब्रू पोथी सुमारे तीन लाख वीस हजार डॉलरना घेतली गेली. १९८९ साली फंडाने ती विकली तेव्हा सुमारे बत्तीस लाख डॉलर आले. आणि १७ मे २०२३ रोजी न्यूयॉर्कमध्ये सदबीजच्या लिलावात तिला तीन कोटी एक्याऐंशी लाख डॉलर मिळाले. पंचेचाळीस वर्षांत शंभरपटीहून अधिक. त्या वेळी ती अल्फ्रेड मोझेस या माजी अमेरिकन राजदूतांनी घेतली आणि तेल अवीवच्या अनु संग्रहालयाला दिली.

फंडाने काही पाप केले का? रेल्वेची नोकरी आणि तिचे पेन्शन म्हणजे काय, हे बेने इस्राएल घरांना सांगायला नको. पोथी फाडली नाही, भिजू दिली नाही, चोरून घेतली नाही. विकत घेऊन पुढे नफ्याने विकणे हा व्यापार आहे आणि व्यापाराला तोरा नावे ठेवत नाही. शनिवार तेल्यांच्या वंशजांनी तरी ठेवू नयेत.

पण त्याच पोथीत एक जुनी नोंद आहे. उत्तर सीरियातील माकिसिन गावच्या सिनेगॉगला ही पोथी अर्पण केलेली होती. गाव उद्ध्वस्त झाले तेव्हा ती सलामा नावाच्या एका माणसाच्या हाती सोपवली, सिनेगॉग पुन्हा बांधले की परत करावी या बोलीवर. सिनेगॉग पुन्हा उभे राहिले नाही. म्हणजे साडेतीनशे पौंडांपासून तीन कोटी डॉलरपर्यंत ज्या वस्तूचा सौदा होत गेला, ती मुळात कोणाची तरी ठेव होती. जुन्या वस्तू विकण्यासाठी घेणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो: हातात आलेला हा निव्वळ माल आहे, की कोणाची ठेव?

अमेरिकेत वाढणाऱ्या मुलांना हा धंदा ऐकून माहीत नाही, हाताने माहीत आहे. पोकेमॉनची पत्ती, बेसबॉलची पत्ती, ठरावीक संख्येत निघालेले बूट. दुकान उघडताच सगळे उचलायचे आणि दुप्पट भावाने विकायचे. मे २०२१ मध्ये विस्कॉन्सिनच्या ब्रुकफील्ड गावी टार्गेटच्या वाहनतळावर पत्त्यांवरून मारामारी झाली, पिस्तूल बाहेर आले, आणि त्या कंपनीने काही काळ दुकानांत ही पत्ती विकणेच थांबवले. अशा वस्तूंबद्दल ताल्मुदातली एक जुनी विभागणी उपयोगी पडते. बाबा बाथ्रा भागात म्हटले आहे की ज्यावर जीव जगतो ते, म्हणजे द्राक्षारस, तेल, पीठ, भाव वाढवण्यासाठी साठवून ठेवू नये. जिरे आणि मिरी मात्र साठवली तरी चालते. पोकेमॉनची पत्ती म्हणजे मिरीच. तिचा भाव चढला म्हणून कोणाच्या घरची चूल बंद पडत नाही. रांगेतल्या लहान मुलाला ढकलून सगळी पाकिटे उचलणे हा ओंगळपणा खरा, पण तो वागण्यातला. व्यापार करणे हा दोष नव्हे.

जिथे फसवणूक आहे तिथे मात्र मिरीलाही सूट नाही. मिश्नाच्या बाबा मेत्झिया भागात ‘ओनाआ’चा नियम आहे. खऱ्या किमतीपेक्षा सहाव्या हिश्शाचा फरक पडला की तो अन्याय मानला जातो. आणि हे संरक्षण फक्त घेणाऱ्याला नाही. कमी भावाने नागवल्या गेलेल्या विकणाऱ्यालाही आहे. ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. जाणकार आणि अजाण यांचा व्यवहार होतो तेव्हा जुन्या वस्तूंच्या बाजारात बहुधा विकणाराच अजाण असतो.

घर आवरण्याची वेळ येते तेव्हा काय होते पाहा. आजी जाते, न्यू जर्सीतले घर विकायला काढतात, तळघरात पेट्या सापडतात. त्यांत मराठी अक्षरांची, कडा कुरतडलेली एक पोथी. नातवंडांना ती वाचता येत नाही. येणारा माणूस ती पाच-दहा डॉलरना उचलतो. ती पुण्याची १८७४ सालची हगादा असू शकते: हिब्रू आणि मराठी समोरासमोर, शिळाछापावर छापलेली, आणि सुरुवातीच्या चित्रांत जमिनीवर बसून मत्झा करणाऱ्या, साडी नेसलेल्या बायका. जगातल्या इतर हगाद्यांत अशा बायका सापडायच्या नाहीत. मुंबईची १८४६ सालची तर त्याहून जुनी. अशा पोथ्या आता लिलावांच्या याद्यांत येतात. ज्याने ओळखून गप्प राहून दहा डॉलर दिले, त्याचे वकील म्हणतील की ज्ञान ही त्याची कमाई आहे. दोन व्यापाऱ्यांमध्ये हे म्हणणे चालेल. शोकाच्या घरात चालत नाही. तिथे ओळखणाऱ्याने आधी सांगायचे की ही काय वस्तू आहे, मग भाव करायचा. नफा त्यानंतरही उरतो, थोडा कमी.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, आणि ती ज्येष्ठांना टोचेल. ‘पूर्वजांची वस्तू विकायची नसते’ म्हणणाऱ्या किती घरांत त्या वस्तू ओल आणि वाळवीच्या स्वाधीन झाल्या आहेत? कित्येकदा पोथी वाचली ती व्यापाऱ्यामुळेच. त्याला किंमत कळली म्हणून त्याने ती कोरड्या जागी ठेवली. न विकणे म्हणजे जपणे नव्हे. ज्याला मजकूरच वाचायचा आहे त्याला मूळ प्रतीची गरजही नाही. पुण्याच्या हगाद्याची हुबेहूब प्रत १९६८ साली न्यूयॉर्कमध्ये छापून निघाली आहे.

व्यापाऱ्याचे हे उपकार मानूनही दोन गोष्टींना माफी नाही. एक, पाने सुटी करून विकणे. १९२१ साली न्यूयॉर्कचे ग्रंथविक्रेते गॅब्रिएल वेल्स यांनी गुटेनबर्ग बायबलची एक अपुरी प्रत सुटी केली आणि पानापानाने विकली. तुकड्यांचा पैसा अख्ख्यापेक्षा जास्त येतो, हे खाटकाचे गणित आहे.

दुसरी, मूळ पुसणे. २०२१ साली ब्रुकलिनच्या एका लिलावात रुमानियातील क्लुज येथील दफन-मंडळीची नोंदवही आली. तिथल्या यहुदी मंडळाने हरकत घेतल्यावर ती काढून घेतली गेली, आणि जुलैमध्ये अमेरिकन सरकारी वकिलांनी रुमानिया, हंगेरी, युक्रेन, स्लोव्हाकिया इथल्या मंडळांच्या अशा सतरा वस्तू जप्त केल्याचे जाहीर केले. ज्यांची माणसे होलोकॉस्टमध्ये मारली गेली, त्यांच्याच मृतांच्या याद्यांवर बोली लागणार होती. मिश्नाच्या गिट्टिन भागात आज्ञा आहे की परक्यांच्या हाती गेलेले ग्रंथ, तेफिलिन, मेझुझा त्यांच्या किमतीहून जास्त देऊन सोडवू नयेत. वरवर कंजूषपणा वाटतो. पण ओढीने वाटेल तो भाव दिला की पुढच्या चोराला आमंत्रण जाते, हे त्या आचार्यांनी ओळखले होते. जमातीच्या वस्तूंचे भाव अभिमानाने चढवणाऱ्या श्रीमंत संग्राहकांनी ते जरूर वाचावे.

बेने इस्राएल वस्तूंना एक सोय आहे, ती आडनावांची. पहिल्या पानावर पेणकर, रोहेकर, किहिमकर असे नाव असले की कोकणातले गाव कळते आणि वस्तूचे घर सापडू शकते. म्हणून ते पान फाडणारा किंवा खोडणारा विक्रेता वस्तूची किंमतही कमी करतो आणि तिची साक्षही संपवतो. वर्गातल्या ज्या मुलांना हा व्यापार करायचाच आहे त्यांनी खुशाल करावा. पोथी हाती आली तर नाव, गाव आणि कोणाकडून घेतली ते टिपून ठेवावे, ते टिपण पुढच्या गिऱ्हाइकाला द्यावे, आणि विकण्याआधी एकदा त्या आडनावाच्या घरी विचारावे. वडीलधाऱ्यांनी तोवर वाट पाहू नये. कोणती पोथी कोणाला, आणि कोणालाच नको असेल तर बर्कलीच्या मॅग्नेस संग्रहासारख्या कोणत्या संस्थेला विचारायचे, हे हयातीतच मुलांना सांगावे आणि शेवटच्या पानावर लिहून ठेवावे. पेन्सिलीने लिहावे, शाई जुन्या कागदातून पलीकडे फुटते.