लिगामेंटला तेल लावण्याआधी

आमच्या कनेरगाव नाक्यावर कबड्डीचे नाहीतर टेनिस बॉल क्रिकेटचे सामने झाले की दोन-चार पोरे लंगडत घरी येतात. मग घरात बैठक भरते. दादी आंबेहळद उगाळायला घेते, शेजारचे चाचा मोच बसवणाऱ्या पहिलवानाचे नाव सुचवतात, कुणी पायाळू माणूस शोधायला निघतो. (पायाळूचा पाय पाठीच्या उसणीला लावतात, गुडघ्याला नव्हे. घाईत तेवढेही कुणाला आठवत नाही.) संध्याकाळी मोबाईलवर कुणाचा तरी फॉरवर्ड येतोच : ऑपरेशनशिवाय लिगामेंट जोडा, एकवीस दिवसांत, शंभर टक्के आयुर्वेदिक.

माझे भांडण या फॉरवर्डशी आहे. आयुर्वेदाशी नाही, आणि दादीच्या आंबेहळदीशी तर मुळीच नाही.

भाषा शिकवणारा माणूस आहे, म्हणून आधी शब्दाकडे बघतो. उर्दूत लिगामेंटला रबात म्हणतात. राब्ता हा शब्द ज्या धातूतून आला त्याच धातूतला, बांधण्याच्या अर्थाचा. मराठीत अस्थिबंध. हाडाला हाडाशी बांधून ठेवणारा चिवट पट्टा. गंमत अशी की आज आपण मसलला स्नायू म्हणतो, पण सुश्रुतसंहितेत मांसल भागाला पेशी म्हटले आहे आणि स्नायू म्हणजे बांधणारे पट्टे. नावेच्या फळ्या दोरांनी नीट आवळलेल्या असल्या की ती पाण्यात भार पेलते, तसे हे शरीर स्नायूंनी बांधलेल्या सांध्यांमुळे भार पेलते, असा दृष्टांत सुश्रुताने दिला आहे. इतकी नेमकी नजर असलेल्या माणसाचे नाव घेऊन 'स्नायूंचे तेल' विकणाऱ्याला विचारा, गुडघ्यातला कोणता पट्टा तुटलाय? त्याला सांगता येणार नाही. गिऱ्हाईकालाही येत नाही, म्हणून तर धंदा चालतो.

आणि कोणता पट्टा, किती तुटला, यावरच सगळे अवलंबून असते. नुसता ताणला असेल तर काही आठवड्यांत बरा होतो. गुडघ्याच्या आतल्या बाजूचा पट्टा बराचसा तुटला तरी आधारपट्टी आणि व्यायामाने बहुधा भरून येतो. पण सांध्याच्या आत, मधोमध असलेला पुढचा क्रूसबंध, ज्याला डॉक्टर एसीएल म्हणतात, तो पूर्ण तुटला की सहसा आपोआप सांधत नाही. तो सांध्यातल्या द्रवात बुडालेला असतो, त्यामुळे तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गुठळी टिकत नाही आणि भरून येण्याची सुरुवातच होत नाही. बाहेरून चोळलेले तेल तिथवर पोहोचत नाही. पडताना 'कट' असा आवाज आला, दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगला, किंवा चार पावलेही टाकता येत नाहीत, तर आधी अस्थिरोग डॉक्टर. एक्स-रेमध्ये हाड दिसते, लिगामेंट दिसत नाही. त्यासाठी जाणत्या हाताची तपासणी आणि गरज पडली तर एमआरआय. चांगला वैद्य हे स्वतःच सांगतो.

ताज्या दुखापतीवर पहिले दोन-तीन दिवस जोरात चोळणे म्हणजे सूज वाढवणे. सुश्रुताने अशा वेळी काय सांगितले आहे? झाडांच्या सालींच्या आणि बांबूच्या पट्ट्या लावून बांधायला सांगितले आहे. थंडीत सात दिवसांनी, उन्हाळ्यात तीन दिवसांनी बंध बदलायला सांगितले आहे, आणि बंध सैल नको, फार घट्टही नको हेही बजावले आहे. म्हणजे आधार आणि धीर. फॉरवर्डमध्ये नेमके हेच नसते.

मग आयुर्वेदाचे काम काय? आहे, आणि मोलाचे आहे. सूज उतरल्यावर आखडलेल्या सांध्याला महानारायण तेलाचा हलका हात आणि शेक दिला की आराम वाटतो, व्यायाम करवतो. निर्गुंडी, शल्लकी, लाक्षादि गुग्गुळ वैद्य देतात ते दुखणे आणि सूज यांसाठी. कांडवेलीचे नाव हाडजोडा असले तरी तुटलेला एसीएल तिने जोडल्याचा पुरावा नाही. हळद तर आपल्या हिंगोली जिल्ह्याची, वसमतच्या हळदीला जीआय मानांकन आहे. जरूर वापरा, पण तिच्या नावावर चमत्कार खपवू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्याने गुग्गुळ विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि बिननावाची पुडी घेताच दुखणे रातोरात थांबले तर खूश होऊ नका, सावध व्हा. 2022 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने 'आर्ट्री किंग' नावाच्या सांधेदुखीच्या 'नैसर्गिक' गोळ्यांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि डायक्लोफेनॅक सापडल्याचे जाहीर केले होते. वेष्टनावर त्यांचे नाव नव्हते.

जुलै 2022 मध्ये महेंद्रसिंग धोनी रांचीजवळच्या खेड्यात एका वैद्याकडून गुडघ्यासाठी चाळीस रुपयांत औषध घेतो, ही बातमी देशभर फिरली. आमच्या ग्रुपवर ती किमान दहा वेळा आली. पुढच्या वर्षी आयपीएल जिंकल्यावर दोनच दिवसांनी, 1 जून 2023 ला, मुंबईच्या कोकिळाबेन रुग्णालयात त्याच्या डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. ती बातमी ग्रुपवर कुणी टाकली नाही. त्या वैद्याने फसवले असे मी म्हणत नाही. अर्धी बातमी वाटणारे फसवतात. ऋषभ पंतच्या उजव्या गुडघ्याचे लिगामेंट डिसेंबर 2022 च्या अपघातात तुटले. मुंबईत शस्त्रक्रिया, हाताशी हवे ते तज्ज्ञ, तरी मैदानात परतायला मार्च 2024 उजाडला. आणि आपल्याला एकवीस दिवस!

शस्त्रक्रिया प्रत्येकाला लागते असेही नाही. स्वीडनमध्ये एसीएल तुटलेल्या 121 तरुणांचा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. ज्यांना आधी फक्त व्यायामोपचार दिले, त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना दोन वर्षांत ऑपरेशन लागले नाही. पण तो व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, महिनोन्महिने चाललेला होता.

आता थोडे आपल्या लोकांशी. "आयुर्वेद त्यांचा, युनानी आपली" असे म्हणणाऱ्यांनी घरातली इत्रीफलची डबी उघडावी. इत्रीफल म्हणजे त्रिफळा. बगदादमध्ये याह्या बरमकीसाठी मनका नावाच्या भारतीय वैद्याने सुश्रुत अरबीत नेला, आणि अल-राझी आपल्या ग्रंथात चरकाचे हवाले देतो. हकीम अजमल खानांनी दिल्लीत जे तिब्बिया कॉलेज उभारले, 1921 साली गांधीजींनी ज्याचे उद्घाटन केले, त्याच्या नावातच आयुर्वेदिक आणि युनानी एकत्र आहेत. उलट बाजूला, मुसलमान शिक्षकाने तेलाच्या जाहिरातीवर शंका घेतली की त्याला संस्कृतीचा विरोधक ठरवणारे आहेत. त्यांना एवढेच सांगतो की हिजामाने लिगामेंट जोडून देतो म्हणणाऱ्यालाही मी हेच विचारतो : कोणता पट्टा, किती तुटला, तपासले कुणी? दोन्हीकडचे या प्रश्नावर सारखेच चिडतात.

9 ऑक्टोबर 2024 रोजी हिंगोली आणि वाशीम, दोन्हीकडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. आम्ही नाक्यावरचे लोक या दोन जिल्ह्यांच्या मधोमध बसलोय. गुडघ्याच्या रुग्णाला नियमित फिजिओथेरपी जवळच्या सरकारी दवाखान्यात मिळाली पाहिजे, अशी मागणी ग्रामसभेत कुणी करत असेल तर माझी सही धरा. आणि पुढच्या सामन्यांची वर्गणी जमेल तेव्हा यादीत ट्रॉफीच्या वर क्रेप बँडेज आणि बर्फाचा डबा लिहा.