पाठदुखी अंगावर काढू नका

मैत्रिणींनो, घरात वडीलधारं माणूस असलं की ‘पाठ दुखते गं’ हे इतकं अंगवळणी पडतं, की कानावर पडूनही ऐकू येत नाही. माझंही तेच झालं. सासूबाईंची पाठ चार महिने दुखत होती. शाळा, मुलांचे डबे या धांदलीत मी रात्री बाम चोळायची आणि दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी हातावर ठेवायची. जिना चढताना त्यांना धाप लागू लागली, चेहरा पांढरा पडला, तेव्हा कुठे रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ७! पुढच्या तपासण्यांत निदान झालं, मल्टिपल मायलोमा.

हा रक्ताचा कॅन्सर. आपल्या हाडांच्या मगजात प्लाझ्मा पेशी असतात. रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं बनवणं हे त्यांचं काम. या आजारात बिघडलेल्या प्लाझ्मा पेशी भरमसाट वाढतात. मग चांगलं रक्त तयार होईना, म्हणून थकवा. हाडं आतून पोखरतात, म्हणून पाठ-बरगड्या दुखतात. हाडांतलं कॅल्शियम रक्तात उतरलं की तहान आणि बद्धकोष्ठ. निरुपयोगी प्रथिनं मूत्रपिंडात अडकतात, आणि दुखण्याच्या बऱ्याचशा गोळ्या त्यांना आणखी घातक! हे कळलं तेव्हा माझ्या काळजात चर्र झालं.

म्हणून सांगते, वयस्कर माणसाची पाठदुखी महिनाभरात हटली नाही, जोडीला थकवा असेल किंवा वारंवार ताप-खोकला होत असेल, तर हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि ‘प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस’ करायचं का, हे डॉक्टरांना आपणहून विचारा. पायातली शक्ती गेली किंवा लघवी अडली, तर मात्र तडक इस्पितळ गाठा.

उपचार आहेत बरं का! बोर्टेझोमिबचं इंजेक्शन, लेनालिडोमाइड, डेक्सामेथासोन अशी औषधं एकत्र देतात. प्रकृती साथ देत असेल तर स्वतःच्याच मूळपेशींचं रोपण करतात. हाडांसाठी वेगळं इंजेक्शन असतं, त्याआधी दात तपासून घ्यावेत. आजार सहसा मुळापासून जात नाही, पण पुष्कळदा वर्षानुवर्षं आटोक्यात राहतो.

घरी आपण काय करायचं? पाणी डॉक्टर सांगतील तेवढं, न चुकता. त्यांना विचारल्याशिवाय एकही गोळी नको. जड उचलायचं नाही. ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. डेक्सामेथासोननं झोप उडते, चिडचिड होते, साखरही वाढते. सासूबाई उगाच रागावल्या, तर ते औषध बोलतंय असं समजून सोडून द्या!

आमच्या सासूबाई आता बसल्या-बसल्या मेथी निवडतात. ‘अगं, पाठ दुखते’ म्हणाल्या, तर मी हातातलं काम ठेवून विचारते, “कुठे, आणि कधीपासून?”