‘खोट्या’ कळा म्हणून तिला परत पाठवताना

गेल्या पावसाळ्यात एका रात्री नऊच्या सुमारास ओळखीच्या कुटुंबातून फोन आला. लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली, नववा महिना भरत आलेला. “डॉक्टर, पोट अधूनमधून दगडासारखं होतंय. काल आणि परवा दवाखान्यात जाऊन आलो. दोन्ही वेळा खोट्या कळा म्हणून परत पाठवलं. आता काय करू?” मी दिवसभराच्या ओपीडीनं दमलेला. “परत खोट्याच असतील, पाणी पिऊन झोपायला सांगा,” असं म्हणून फोन ठेवला.

पहाटे तिच्या आईला अंथरूण ओलं दिसलं. पाणी हिरवट होतं. तातडीनं सिझेरियन झालं आणि बाळाला चार दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. आता दोघंही छान आहेत. पण नंतर मुलीनं सांगितलं ते माझ्या मनातून जात नाही. पाणी रात्री एक वाजताच जायला लागलं होतं. पण आदल्या दिवशी तिथल्या सिस्टर म्हणाल्या होत्या, “एवढ्याशा कळांनी रडतेस, मग खऱ्या आल्यावर काय करशील?” तिसऱ्यांदा हसं नको म्हणून ती उजाडायची वाट पाहत पडून राहिली.

म्हणून ‘खोट्या कळा’ हा शब्दच मला आता खटकतो. त्यात खोटं काही नसतं. गर्भाशय हा स्नायू आहे, तो खरोखर आवळतो आणि पोट खरोखर कडक होतं. जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरांनी १८७२ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून आम्ही त्यांना ब्रॅक्स्टन हिक्स कळा म्हणतो. आपण त्यांना सरावाच्या कळा म्हणू. फरक एवढाच की त्यांनी पिशवीचं तोंड उघडत नाही. आणि ते उघडतंय की नाही, हे आतून तपासल्याशिवाय आम्हालाही सांगता येत नाही. मग पहिलटकरणीला घरी बसून ते ओळखता आलं नाही, तर तिचं काय चुकलं?

तरी अंदाज बांधता येतो. सरावाच्या कळांना ताळतंत्र नसतो. एक आली, मग वीस मिनिटं काही नाही, मग लागोपाठ दोन, मग तासभर शांत. त्या बहुतेक वेळा पोटाच्या पुढच्या भागात जाणवतात. दिवसभर दगदग झाली, पाणी कमी प्यायलं गेलं, लघवी तुंबवून ठेवली की जास्त येतात. म्हणून आधी लघवीला जाऊन या, दोन ग्लास पाणी प्या, डाव्या कुशीवर पडा. पडून होतात तर थोडं चाला. यानं त्या विरत गेल्या तर बहुधा सरावाच्याच.

खऱ्या कळा कशानंही थांबत नाहीत. दोन कळांमधलं अंतर कमी होत जातं, प्रत्येक कळ आधीपेक्षा लांबते आणि जोर वाढतो. पुष्कळ जणींना त्या कंबरेतून निघून पुढे येताना जाणवतात, पण सगळ्यांना नाही. तेव्हा ‘कंबर दुखत नाही ना, मग खरी नाही’ असं धरून चालू नका. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायका तोंडाकडे पाहायच्या. कळ आल्यावर सुनेचं बोलणं मध्येच तुटलं की त्या उठून तयारीला लागायच्या. ही खूण आजही चांगली आहे.

अंतर मोजताना बहुतेक घरांत एक चूक होते. एक कळ संपल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंतचा वेळ धरला जातो. तसं नाही. एक कळ सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंत मोजायचं. मोबाइलचं घड्याळ आणि कॅलेंडरची मागची बाजू पुरते. पहिलं बाळंतपण असेल आणि दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणारी कळ तासभर येत राहिली, तर निघा. पण हा हिशेब दवाखाना जवळ असलेल्यांचा. पावसात ओढा ओलांडून तासाभराचा रस्ता असेल, तर पाच मिनिटांची वाट बघू नका. दुसरं-तिसरं बाळंतपण भराभर होतं, तेव्हाही लवकर निघा. आधी सिझेरियन झालेलं असेल, तर कळा नियमित वाटू लागल्या की लगेच.

आणि त्या रात्री मी फोनवर जे विचारायला हवं होतं ते. पाणी जातंय का? थेंबथेंब असलं तरी धरायचं. पाणमोट फुटली की कळा असोत-नसोत, दवाखाना. पाणी हिरवट असेल तर एक मिनिटही घालवू नका. बाळ नेहमीसारखं हलतंय का? हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट नाही. ताजं रक्त जातंय का? शेवटच्या दिवसांत रक्ताची रेघ असलेला चिकट स्राव जातो, त्याला घाबरायचं नाही. पण पाळीसारखं रक्त गेलं तर निघायचं. पोट कडक होऊन सैलच होत नाही, खूप डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, ताप आहे, यांतलं काहीही असलं तरी कळा मोजत बसायचं नाही.

सातव्या-आठव्या महिन्यात ठरावीक अंतरानं पोट आवळू लागलं तर ‘सराव चाललाय’ असं म्हणून सोडून देऊ नका. ३७ आठवड्यांच्या आत खऱ्या कळा सुरू झाल्या आणि वेळेत कळलं, तर बाळाच्या फुफ्फुसांसाठी आईला इंजेक्शन देता येतं, लहान बाळांची सोय असलेल्या ठिकाणी हलवता येतं. बाळंतपण होऊन गेल्यावर ते राहून जातं.

कळा ‘पक्क्या’ करायला एरंडेल पाजू नका. आणि कोणी घरी येऊन कळा वाढवायचं इंजेक्शन देतो म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. त्या इंजेक्शननं पिशवी फाटू शकते. ते दवाखान्यात, बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून द्यायचं औषध आहे.

माझ्या व्यवसायातल्या मंडळींनाही एक सांगणं आहे. तिला परत पाठवताना ‘काही नाही, जा’ म्हणू नका. ‘आज तोंड उघडलेलं नाही. या या गोष्टी झाल्या तर रात्री दोनलाही या,’ असं सांगा. मिनिटभर लागतं. खर्चाची काळजी असलेल्यांना हेही सांगा की २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण आणि तिथवरची गाडी मोफत आहे. त्यासाठी १०२ किंवा १०८ लावायचा.

त्या कुटुंबातली धाकटी सून आता आठव्या महिन्यात आहे. परवा रात्री साडेअकराला फोन आला. मी सगळे प्रश्न विचारले. पाणी नाही, रक्त नाही, बाळ हलतंय, पण पोट दर दहा मिनिटांनी आवळतंय. जाऊन या म्हटलं. तपासलं, तोंड बंद होतं, दोन तासांनी घरी परतले. सकाळी सासूबाई म्हणाल्या, “उगाच तुमची झोपमोड केली.” मी म्हटलं, उद्या वाटलं तर उद्याही करा.