खाते बदलले, कर्ज फिटले नाही

उन्हाळ्यात खनिजवाहू ट्रकांच्या रस्त्यावर टँकरने पाणी मारले की धूळ बसते आणि सगळ्यांना बरे वाटते. पण बसलेली धूळ जाते कुठे? तिचा चिखल होतो, तो चाकांबरोबर पुढे जातो, वाळून पुन्हा उडतो. उरलेला पहिल्या पावसात ओहोळातून शेतात आणि नदीत उतरतो. आम्हा बँकेतल्या कारकुनांच्या भाषेत ही नुसती ‘ट्रान्स्फर एंट्री’. रक्कम या खात्यातून त्या खात्यात गेली. कर्ज तेवढेच राहिले.

हवा, पाणी आणि माती ही निसर्गाची तीन खाती. कोणता पदार्थ कुठे जमा होणार, हे त्याच्या गुणांवर ठरते. पेट्रोलची वाफ हवेत जाते. युरियापासून तयार होणारे नायट्रेट पाण्यात विरघळून विहीर गाठते. डीडीटी मातीला चिकटून वर्षानुवर्षे राहते. डिचोलीच्या खनिजातले लोह आणि मँगनीज कोरड्या मातीत बहुतेक घट्ट बसलेले असतात. भातशेतात पाणी तुंबून मातीतली हवा संपली की तेच विरघळून पिकाच्या मुळाशी पोचतात.

पेडणेकरांनी हे डिचोलीचे दुखणे समजू नये. जुलै २०२१ मध्ये दोडामार्ग तालुक्यातील कळणे येथे खाणीचा बांध फुटला आणि लाल गाळ घरांत, बागायतीत शिरला. त्याच कळणे नदीचे पाणी पुढे चांदेलच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून पेडण्याच्या नळांना येते. गाळाला राज्याची हद्द ठाऊक नसते.

कायदे मात्र खातेनिहाय. पाण्याचा १९७४चा, हवेचा १९८१चा. मातीसाठी त्या तोडीचा स्वतंत्र कायदा नाही. आणि २०१८ मध्ये थांबलेले खनन लिलावानंतर डिचोलीत २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाले आहे.

खाणीवर पोट असलेल्यांच्या आम्ही विरोधात नाही. ट्रकवाले आमचेच भाऊबंद. त्यांचे हप्ते आमच्याच काउंटरवर भरले जातात. आमची मागणी एवढीच की बाधित गावातली धूळ, विहिरीचे पाणी आणि शेतातली माती पावसाआधी व पावसानंतर एकत्र तपासावी, आणि तिन्हींचे आकडे एकाच कागदावर मराठीतून ग्रामसभेत वाचून दाखवावेत. खर्चाचे निमित्त नको. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी बाधित गावांसाठीच आहे.

येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. तिन्ही खाती समोर आल्याशिवाय ताळेबंदावर सही करू नका.