दावं सुरगाठीने बांधा, कानातला बिल्ला लगेच मारून घ्या

मृग तोंडावर आला आहे. उल्हास आणि वालधुनीच्या काठी ज्यांचा गोठा, तबेला किंवा शेळ्यांचं छप्पर आहे, ज्यांच्या तळमजल्यावरच्या घरात कुत्रं-मांजर आहे, त्या बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगरमधल्या प्रत्येक घराला हात जोडून विनंती आहे. पाणी चढण्याआधी दोन कामं उरकून टाका. जनावराचं दावं एका झटक्यात सुटेल असं बांधा, आणि त्याच्या कानात सरकारी बिल्ला नसेल तर तो मारून घ्या. पहिल्या कामाने जनावर वाचेल. एवढं करूनही ते गेलंच, तर दुसऱ्या कामामुळे निदान घर तरी उघड्यावर पडणार नाही.

म्हशीला पोहता येतं. गाईबैलांनाही येतं. सुटलेलं जनावर वाट काढतं, उंचवटा शोधतं, कधी दोन-तीन किलोमीटरवर सापडतं. बांधलेलं जनावर जागेवर बुडतं. गोठ्यात पाणी शिरलं की म्हैस आधी नुसती अस्वस्थ होते, कान टवकारते. पाणी पोटाला लागलं की ती मागे सरते आणि दावं ताणलं जातं. नायलॉनची दोरी भिजलेली, गाठ निरगाठ, आणि पलीकडून पाच-सहाशे किलोंचा ओढा. अंधारात, कमरेएवढ्या पाण्यात, तोंडात मोबाइलचा उजेड धरून ती गाठ कुणाच्या बापाला सुटत नाही. तबेल्यात तर गव्हाणीच्या कड्यात साखळी अडकवलेली असते, तिचा आकडा गंजून बसलेला असतो. वीस-पंचवीस म्हशी आणि रात्रीच्या मुक्कामाला एकटा गडी. त्याने किती आकडे सोडवायचे? पूर ओसरल्यावर अशा गोठ्यात पाऊल टाकलेल्या माणसाला विचारा. जनावर खुंट्यापाशीच पडलेलं असतं, मान खुंट्याकडे ओढलेली.

म्हणून सुरगाठ मारा. दोरीचं एक टोक लोंबतं राहू द्या, ते ओढलं की दावं सुटलं पाहिजे. साखळी असेल तर साखळी आणि कडं यांच्यामध्ये हातभर दोरीचा तुकडा घाला, म्हणजे वेळ आली तर तेवढाच कापता येईल. दाराच्या वर एक धारदार कोयता टांगून ठेवा आणि तो कुठे आहे हे घरातल्या बायकांना, मोठ्या पोरांना, तबेल्यातल्या गड्याला ठाऊक असू द्या. शेळ्या आणि कोंबड्यांचं तसं नाही. त्यांना सोडून भागत नाही, उचलूनच न्यावं लागतं. त्यांच्यासाठी माळा किंवा शेजाऱ्याचा पहिला मजला आजच बोलून ठेवा, खुराड्याची कडी बाहेरून तारेने आवळून टाकू नका.

आपला पूर आपल्या पावसाने येत नाही, हे बदलापूरकरांना सांगायला नको. खंडाळ्याच्या घाटात आणि कर्जत-नेरळकडे रात्रभर कोसळलं की इथे उजाडता उजाडता पाणी चढतं, मग बदलापुरावर आभाळ मोकळं का असेना. बॅरेजजवळ उल्हासची इशारा पातळी 16.50 मीटर आहे आणि धोक्याची पातळी 17.50 मीटर. जनावरांसाठी मात्र 16.50 लाच घंटा वाजली असं समजा. 17.50 झाल्यावर माणसं हलवायची धांदल सुरू होते, तेव्हा म्हशींकडे बघायला कुणाला सवड नसते. हेंद्रेपाडा, रमेशवाडी, वालिवली, सोनिवली, एरंजाड या बाजूच्या लोकांनी हा एक मीटरचा फरक मनात पक्का करून ठेवावा. बारवी नदी उल्हासला बदलापूरच्या खाली मिळते, त्यामुळे बारवी धरणाचं पाणी सुटलं की फटका रायते, कांबा, वरप, म्हारळकडे बसतो. त्या गावांचे गोठेही या विनंतीत आलेच.

26 जुलै 2005 आपण पाहिला. 2019 आणि 2021 चे जुलै पाहिले. 27 जुलै 2019 ला बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, तेव्हा चामटोलीचे गावकरी मदतीला धावले, मग एनडीआरएफच्या होड्या आणि नौदल, हवाई दल आलं, आणि हजाराच्या वर प्रवासी सुखरूप बाहेर निघाले. या मुलखाला त्याचा अभिमान आहे आणि असायलाच हवा. पण अशा वेळी गोठ्यासाठी होडी येत नसते. होडीत आधी माणूसच बसणार, बसलाच पाहिजे. तेव्हा जनावरांची सुटका होडी येण्याच्या कितीतरी आधी, कोरड्या जमिनीवरून, आपल्याच हातांनी व्हायला हवी.

आता बिल्ल्याबद्दल, आणि हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण पुष्कळांना याची कल्पना नाही. राज्य सरकारने जनावरांच्या कानात बारा आकडी बिल्ला सक्तीचा केला आहे. त्याची नोंद 'भारत पशुधन' या ऑनलाइन प्रणालीत होते. 1 जून 2024 पासून बिल्ला नसलेल्या जनावराला सरकारी दवाखान्याची सेवा नाही, त्याची खरेदी-विक्री आणि वाहतूक नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नैसर्गिक आपत्तीत, वीज पडून, विजेचा धक्का लागून किंवा वन्य प्राण्याच्या हल्ल्यात ते मेलं तर भरपाई नाही. म्हणजे पुरात तुमच्या चार म्हशी वाहून गेल्या, पंचनाम्याला माणसं आली, आणि कानात बिल्ला नव्हता, तर कागदोपत्री त्या म्हशी तुमच्याकडे कधी नव्हत्याच.

नियम कडक आहे. तरी त्यामागचं कारण खोटं नाही. ऑगस्ट 2022 मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात लम्पी शिरला आणि पुढे सगळा महाराष्ट्र नियंत्रित क्षेत्र जाहीर करून गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले. कुठलं जनावर कुठून आलं, कुणाला लस टोचली, याची नोंद असती तर तो गोंधळ कमी झाला असता. ओळख हवीच. माझी तक्रार एवढीच आहे की नियम मुंबईत निघतो आणि त्याची शिक्षा मात्र पाड्यावरच्या कातकरी-ठाकूर बाईला होते, जिच्यापर्यंत तो पोचलेलाच नसतो. तिच्या पाच-सहा शेळ्या हीच तिची बँक. म्हणून ज्यांना हे वाचता येतं आहे त्यांनी आपल्या भोवतीच्या पाड्यांवर, वीटभट्टीच्या वस्त्यांवर जाऊन हे तोंडी सांगावं. एवढं कराल तर फार मोठी मदत होईल.

भरपाईचे आकडेही माहीत असू द्या. आपत्ती मदत निधीच्या 2022 ते 2026 या काळासाठी ठरलेल्या दरांनुसार दुधाळ गाय किंवा म्हशीला 37,500 रुपये, ओढकामाच्या बैलाला 32,000, वासराला 20,000, शेळी-मेंढीला 4,000 आणि कोंबडीमागे 100 रुपये. चांगली मुऱ्हा म्हैस आज लाखाच्या खाली मिळत नाही, तेव्हा ही रक्कम तुटपुंजीच आहे. त्यातही एका कुटुंबाला तीन मोठ्या दुधाळ जनावरांपर्यंतच मदत, अशी मर्यादा. ऑक्टोबर 2025 मध्ये मराठवाड्यातल्या पुरानंतर राज्य सरकारने पॅकेज जाहीर करताना ही तीन जनावरांची मर्यादा काढली होती. जी अट एका पुरापुरती काढता येते ती कायमची का काढू नये? आपल्या आमदारांना, खासदारांना हे लेखी विचारा. पत्र साध्या कागदावर असलं तरी चालेल, पण पोच घ्या.

तबेलेवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. म्हशी बाहेरून येतात, भाकड झाल्या की जातात, नवीन येतात. दलालाकडून घेतलेल्या म्हशीच्या कानात बिल्ला असतो खरा, पण तो आधीच्या मालकाच्या नावावर. मालकी बदलल्याची नोंद करून घ्या. नाहीतर म्हैस तुमची, नुकसान तुमचं आणि कागदावर नाव भलत्याचं.

कुत्र्यामांजरांसाठी असा कुठला दर नाही. त्यांच्यासाठी कायदा आहे, 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा. त्याच्या कलम 11 नुसार जनावराला आखूड किंवा जड साखळीने ताटकळत बांधून ठेवणं हा गुन्हा आहे, आणि उपाशी-तहानेलं पडेल अशा अवस्थेत टाकून जाणं हाही. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये, साठ वर्षांत त्यात वाढ झालेली नाही. हा दंड वाढलाच पाहिजे. पण घराला कुलूप लावून, कुत्र्याला गॅलरीच्या गजाला बांधून नातेवाइकांकडे निघून जाणाऱ्याला दंडाची भीती घालण्यापेक्षा मी त्याला एकच सांगेन: जाताना त्याला बरोबर घ्या. ते जमत नसेल तर पट्टा सोडा आणि वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी हवाली करा. सोसायटीच्या सेक्रेटरींना विनंती की पावसाचे चार महिने गच्चीच्या कुलपाची एक किल्ली वॉचमनकडे आणि एक पहिल्या मजल्यावर ठेवा. पाणी चढल्यावर किल्लीसाठी फोनाफोनी करायला वेळ मिळत नाही.

भटक्या कुत्र्यांवरून सध्या जो वाद आहे तो मला इथे उकरायचा नाही. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी निर्बीजीकरणाची आणि रेबीजच्या लसीकरणाची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकलेली आहे, सर्वोच्च न्यायालयानेही 2025 च्या ऑगस्ट आणि नोव्हेंबरमधल्या आदेशांत त्याचा पाठपुरावा केला आहे. पावसाळ्यात घाबरलेली, भिजलेली कुत्री जिन्यात, दुकानाच्या फळीखाली, फलाटावर आसरा घेतात. पोरांनी त्यांना दगड मारू नयेत आणि चावलंच कुणाला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन तडक लस घ्यावी.

आता उल्हासनगर महानगरपालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदा, अंबरनाथ व उल्हासनगरची तहसील कार्यालयं यांच्याकडे मागणं. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या व्याख्येत माणसांचा जीव, मालमत्ता आणि पर्यावरण यांचा उल्लेख आहे. जनावरांचा वेगळा उल्लेख नाही, ती मालमत्तेत मोडतात. पण आराखडा तयार करताना त्यांना त्यात जागा द्यायला कायदा आडवा येत नाही. प्रत्येक पूररेषेतल्या भागासाठी एक उंच मैदान आधीच जाहीर करा. तिथे खुंटे ठोका, पाण्याचा टँकर आणि कोरडा पेंढा कुठून येणार ते लिहून ठेवा. भोंगा वाजवून माणसांना हलायला सांगता, त्याच भोंग्यावर "गुरं सोडा" हेही एकदा सांगा. नागरिकांनी आपल्या पालिकेचा आराखडा मागावा आणि त्यात जनावरांसाठी काय आहे ते वाचावं. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करायला दहा रुपये लागतात.

लसीचं विसरू नका. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाआधीच टोचून घ्यायची असते, शेळ्यांना आंत्रविषाराची. पुराच्या पाण्यातून लेप्टो पसरतो, तो माणसालाही होतो, तेव्हा गोठ्यात उघड्या, जखमी पायाने उतरू नका. आणि वालधुनीकाठच्यांनो, पूर आला तरी त्या पाण्यात काय काय मिसळलेलं असतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. जनावराला ते पाजू नका. भिजून बुरशी धरलेला पेंढाही घालू नका.

एवढं करूनही जनावर गेलं, तर ते नदीत लोटू नका आणि पुरायची घाईही करू नका. कानातल्या बिल्ल्याचा नंबर दिसेल असा फोटो काढा, ग्राम महसूल अधिकाऱ्याला आणि पशुधन विकास अधिकाऱ्याला कळवा, पंचनामा होऊ द्या आणि मगच खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. जनावर आजारी असेल तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962, पुराच्या मदतीसाठी जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077. हे दोन्ही नंबर गोठ्याच्या भिंतीवर डोक्याच्या वर, ऑइलपेंटने लिहून ठेवा.

शेवटची विनंती तरुण मंडळांना. दहीहंडीचा सराव करणारी, गणपतीची वर्गणी काढायला दारोदार फिरणारी पोरं या तिन्ही शहरांत गल्लोगल्ली आहेत. गल्लीतलं कोण कुठे राहतं ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. येत्या रविवारी प्रत्येक मंडळाने आपल्या भागातला एक तबेला आणि एक पाडा वाटून घ्यावा. किती जनावरं, किती बिल्ल्यांविना, मालकाचा आणि गड्याचा मोबाइल नंबर, गुरं न्यायची उंच जागा, एवढं एका कागदावर उतरवावं. बिल्ले नसलेल्यांची यादी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्यावी आणि उरलेली सोमवारी तहसील कार्यालयात नेऊन, शिक्का मारून, तिची प्रत स्वतःकडे ठेवावी.