सवाबासाठी खोटे

आमच्या घरी वर्षातून एकदा तरी मदिनेहून पत्र यायचे. म्हणजे लोक तसे म्हणायचे. प्रत्यक्षात ते मोहल्ल्यातल्याच कुणीतरी दाराखालून सरकवलेले असायचे. मजकूर ठरलेला. रौज़ा-ए-मुबारकचे खादिम शेख अहमद यांना स्वप्न पडले. स्वप्नात हुजूर (स.) आले. उम्मतच्या वागण्याने ते नाराज आहेत. या आठवड्यात इतके हजार मुसलमान मेले, पण ईमान घेऊन गेलेला त्यांत जवळजवळ कुणी नाही. कयामत जवळ आली आहे. आणि शेवटी, या पत्राच्या वीस-पंचवीस प्रती काढून वाटा. एकाने वाटल्या, त्याच्या धंद्यात बरकत आली. एकाने खोटे म्हटले, त्याचा मुलगा मेला.

माझे अक्षर बरे म्हणून प्रती काढायचे काम माझ्याकडे. एकदा कंटाळून मी म्हणालो, हे सगळे खोटे आहे. दादी म्हणाली, "लिख डाल बाबा, कायको हट करता? सच रहा तो?"

माझे अब्बा तिचे एकुलते एक. एका पारड्यात पोराचे दोन तासांचे लिखाण आणि दुसऱ्या पारड्यात मुलाचा जीव. या हिशेबाला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे, पण तो तसा नाही. पत्र लिहिणाऱ्याला आईचे मन नेमके ठाऊक होते. त्याला पटवून द्यायचेच नव्हते. शंका मनात राहिली तरी हात चालत राहावा, एवढीच तजवीज त्याने केली होती. प्रचाराला बळी पडतो तो मूर्ख, हा आपल्या शिकलेल्या लोकांचा आवडता समज म्हणूनच मला पटत नाही. ज्याच्याजवळ गमावण्यासारखे काहीतरी आहे तो बळी पडतो.

या पत्राचे वय किती असावे? स्नूक हुरग्रोन्ये या डच अभ्यासकाने १८८० च्या दशकातच त्यावर लिहिले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कैरोच्या 'अल-मनार' मासिकात रशीद रिदा यांना वाचकाने याबद्दल विचारले, तेव्हा हे पत्र आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत, असे त्यांनी सांगितले. पुढे सौदी अरबस्तानचे शेख इब्न बाज यांनी चौकशी करून ते साफ खोटे ठरवले. म्हणजे ज्या मदिनेच्या नावाने पत्र निघते, त्या देशाच्या बड्या आलिमाने ते नाकारले आणि तरी ते थांबले नाही. आमच्या शेजारी संतोषी मातेच्या नावाने असेच पत्र यायचे. तेच प्रती काढणे, तीच बरकत, तोच मेलेला मुलगा. फक्त वरचे नाव बदललेले!

दादी पाच वक्ताची नमाज़ी होती. रोज़े कधी चुकले नाहीत. पण त्या कागदाने तिच्या दीनमध्ये एक सहावी अट घुसवली, आणि पाच अरकानांना मिळाली नाही एवढी धास्ती त्या सहाव्या अटीला मिळाली. अल्लाह रहमान आहे, रहीम आहे, हे ती दिवसातून कितीदा तरी म्हणत असे. पण पत्र आले की तिच्या मनातला अल्लाह प्रती मोजू लागायचा.

आता दुसरी गोष्ट. नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर एक आवाज ऐकला, पुढे कैरोत अज़ान ऐकून त्याने तो ओळखला आणि कलमा पढला, हे आपल्यापैकी किती जणांनी बयानात ऐकले आहे? मी तर टाळ्या वाजवायचा बाकी होतो. चंद्रावर हवा नाही, तिथे आवाज पोहोचत नाही, हे त्याच वर्षी शाळेत शिकलो होतो. परीक्षेत ते लिहिले आणि मस्जिदीत हे मानले. ही अफवा मुस्लिम देशांत इतकी पसरली की १९८३ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला आपल्या वकिलातींना कळवावे लागले, की आर्मस्ट्राँग यांनी इस्लाम स्वीकारलेला नाही. समुद्रसंशोधक जाक कुस्तो यांचेही तेच. १९९७ मध्ये त्यांची अंत्यप्रार्थना पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमध्ये झाली. आपल्या पत्रकांत ते मुसलमानच राहिले.

इथे भीती नाही, मग पटते का? कारण मनात कुठेतरी हीनगंड आहे. रोज गोऱ्यांच्या विज्ञानाला नावे ठेवायची आणि ईमानवर शिक्कामोर्तब मात्र त्यांच्याच अंतराळवीराकडून हवे. ज्याचा विश्वास अशा साक्षीवर उभा आहे त्याच्या मुलाने एक दिवस पुस्तक उघडून खरे काय ते वाचले, तर तो फक्त आर्मस्ट्राँगची गोष्ट टाकून देईल की सोबत आणखीही काही?

यावर आपल्याकडचे ठरलेले उत्तर असे, की नियत चांगली आहे ना! या बहाण्याने चार माणसे नमाज़ला लागली तर काय बिघडले? या प्रश्नाचा निकाल हज़ार-बाराशे वर्षांपूर्वीच लागला आहे. आठव्या शतकातल्या नूह इब्न अबी मरियमची गोष्ट हदीसशास्त्राच्या ग्रंथांत येते. कुरआनच्या एकेका सूरहचे फज़ाइल सांगणाऱ्या हदीस त्याने रचल्या. विचारल्यावर म्हणाला, लोक कुरआन सोडून फिकह आणि मगाज़ीत रमले होते, त्यांना परत आणण्यासाठी सवाब समजून मी हे केले. मुहद्दिसांनी त्याची नियत पाहिली नाही. त्याला खोटे रचणारा ठरवले आणि त्या हदीस फेकून दिल्या. ज्या उम्मतने 'तुला हे कुणी सांगितले, त्याला कुणी सांगितले' असे विचारण्याचे एक अख्खे शास्त्र उभे केले, हज़ारो रावींची चरित्रे तपासली, तिच्या हातात आज 'जसे आले तसे पुढे पाठवले' एवढेच उरले आहे. सूरह हुजुरातमधला बातमीची शहानिशा करण्याचा हुकूम आपल्याला पाठ आहे. तो आपण फक्त विरोधी वर्तमानपत्रांना लावतो.

काय बिघडले हे उत्तर प्रदेशातल्या मोहल्ल्यांत जाऊन विचारावे. पोलिओच्या थेंबांनी मुसलमानांची पोरे वांझ होतील, या अफवेने तिथे घरांची दारे बंद झाली. अफवेच्या मुळाशी खरी जखम होती. आणीबाणीतली नसबंदीची जबरदस्ती लोक विसरले नव्हते. सरकारवर अविश्वास ठेवायला कारण होते, पण त्या अविश्वासाची किंमत सरकारने भरली नाही, दोन वर्षांच्या पोरांच्या पायांनी भरली. पुढे डॉक्टरांबरोबर इमामही उभे राहिले, मस्जिदींतून एलान झाले, अलीगढ आणि जामियाची माणसे घरोघर गेली आणि दारे उघडली. २०११ च्या जानेवारीत देशातला शेवटचा रुग्ण सापडला. नायजेरियात कानो राज्याने २००३ मध्ये लस थांबवली आणि तिथला विषाणू दोन वर्षांत इंडोनेशियापर्यंत गेला. या सगळ्याला धर्माचा रंग होता. लस नाकारणारी आई आपण ईमान राखले असेच समजत होती.

आपल्याविरुद्धचा प्रचार मात्र आपल्याला लगेच कळतो. २०२० मध्ये करोनाचे खापर तबलीगवाल्यांवर फोडले गेले, तेव्हा वाहिन्यांचा खोटेपणा आपण बरोबर ओळखला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी जमातींवरचे गुन्हे रद्द केले आणि माध्यमांच्या प्रचारावर कडक ताशेरे ओढले. आपण तो निकाल एकमेकांना अभिमानाने पाठवला. त्याच बोटांनी, त्याच दिवशी, आणखी काय काय पाठवले ते ज्याचे त्याने आपल्या मोबाइलमध्ये पाहावे. टीव्हीवरच्या निवेदकावर आणि आपल्या समाजावर विश्वास ठेवणारा शेजारी आणि दादी यांच्यात मला फार फरक दिसत नाही. त्यालाही कुणीतरी त्याच्या मुलाबाळांच्या जिवाचीच भीती घातली होती.

मागच्या रमज़ानमध्ये शेख अहमदचे पत्र पुन्हा आले. आता ते मोबाइलवर येते, हिरव्या घुमटाच्या चित्रासह, आणि प्रती हाताने काढाव्या लागत नाहीत. पाठवणारा माझा पुतण्या, पुण्यात संगणक कंपनीत आहे. मी फोन केला. म्हटले, तुला कुणी पाठवले? म्हणाला, ग्रुपवर आले. ग्रुपवर कुणी टाकले? ते माहीत नाही. तुला तरी खरे वाटते का? तो जरा थांबला. त्याला दोनच महिन्यांपूर्वी मुलगा झाला होता.

"नाही वाटत, चाचा," तो म्हणाला. "पन सच रहा तो?"