विश्लेषण : मालिकेतले ‘शेजारचे घर’ ठरावीक आडनावांचेच का?

मराठी मालिकेत बाबासाहेब आंबेडकर आले, जोतिराव-सावित्रीबाईही आले. पण मुलाच्या ॲडमिशनची काळजी करणारे, गॅस संपला म्हणून चिडचिड करणारे एखादे बौद्ध किंवा मातंग कुटुंब? पुण्यातल्या प्रेक्षकाला असे घर चटकन आठवणार नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीय कुटुंबांवरील विनोदी मालिकांबाबत ही चर्चा बरीच आधी झाली आहे.

‘द कॉस्बी शो’ने काय दाखवले?

1984 ते 1992 दरम्यान ‘एनबीसी’वर चाललेल्या या मालिकेत वडील डॉक्टर, आई वकील आणि घर न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये. सलग पाच हंगाम ती लोकप्रियतेत अव्वल होती. त्याआधी, 1974 च्या ‘गुड टाइम्स’मधले कुटुंब शिकागोच्या सरकारी वसाहतीत राहणारे, गरीब.

सट जाली आणि जस्टिन लुईस या अभ्यासकांनी प्रेक्षकांशी गटचर्चा करून 1992 मध्ये पुस्तक लिहिले. त्यात कृष्णवर्णीय प्रेक्षक सुखावलेले दिसले : अखेर आपले प्रतिष्ठित घर पडद्यावर आले. गोऱ्या प्रेक्षकांनाही ते कुटुंब मनापासून आवडत होते. पण त्यातून अनेकांनी भलताच अर्थ काढला. हे डॉक्टर-वकील होऊ शकतात, मग बाकीचे मागे राहिले तर दोष त्यांचाच! म्हणजे चांगले चित्रणही भेदभाव झाकू शकते.

मग मराठीत काय?

इथे अडचण त्याच्या एक पायरी आधीची आहे. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मधले टिपरे, ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’मधले काळे आणि देसाई, ‘होणार सून मी ह्या घरची’मधले गोखले ही घरे प्रेक्षकाला ‘आपली’ वाटतात. त्या आडनावांनाही जात असते, हे कुणाच्या लक्षात येत नाही. तेच पात्र कांबळे असले, की कथेत ‘सामाजिक विषय’ आला असे वाटू लागते. सेटवरच्या दिवाणखान्यात देव्हारा सहज असतो. बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो मात्र कारण असल्याशिवाय लागत नाही.

‘स्टार प्रवाह’वर 2019 मध्ये बाबासाहेबांवरील मालिका सुरू झाली. सागर देशमुखने ती भूमिका केली. ‘सोनी मराठी’वरील ‘सावित्रीजोती’ जानेवारी 2020 मध्ये सुरू झाली आणि त्याच डिसेंबरात संपली. दोन्ही मालिका महत्त्वाच्या, पण गोष्ट थोर माणसांची. महामानवासमोर हात जोडता येतात. शेजारच्या घरात मात्र ये-जा करावी लागते, तिथले लग्न जुळवावे लागते.

वेगळे काही झाले का?

ओटीटीवर, थोडेसे. 2023 मध्ये ‘मेड इन हेवन’च्या दुसऱ्या पर्वात नीरज घायवान दिग्दर्शित भागात राधिका आपटेने दलित प्राध्यापिका साकारली आणि बौद्ध पद्धतीचा विवाह पडद्यावर आला. अनेक बौद्ध प्रेक्षकांनी तो प्रसंग समाजमाध्यमांवर आनंदाने शेअर केला. पण तो एक भाग होता. रोजच्या मालिकेचे गणित निवडक घरांत बसवलेल्या मीटरवरून निघणाऱ्या टीआरपीवर चालते आणि वाहिन्या ‘प्रेक्षकाला हेच हवे’ असे त्यावरून सांगतात. जे घर कधी दाखवलेच नाही, ते प्रेक्षकाला नको आहे, हे त्या मीटरला कसे कळणार?